पॅनोरमा : सगळा हिशेब अंशांचा

नमस्कार. पॅनोरमा, म्हणजे चहूबाजूंचं सलग चित्र, फिरवून पाहणाऱ्याला आपण त्या जागेच्या मधोमध उभे आहोत असं वाटतं. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ते २:१ प्रमाणातलं एक सपाट चित्र असतं, आडवे ३६० अंश आणि उभे १८०. आडवा कोन म्हणजे यॉ, उभा कोन म्हणजे पिच. फोटो काढण्यापासून हॉटस्पॉट (क्लिक केल्यावर पुढच्या पॅनोरमात नेणारी खूण) बसवण्यापर्यंत सगळं याच दोन कोनांत मोजायचं, हेच आज मला सांगायचं आहे.

फ्रेम किती घ्यायच्या हेही कोनच ठरवतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १८ मिमीची लेन्स उभी धरली की आडवे सुमारे ६७ अंश आणि उभे ९० अंश दिसतात. दर ६० अंशांना एक फ्रेम घेतली तर शेजारच्या दोन फ्रेममध्ये सामायिक भाग जेमतेम सात अंश उरतो आणि सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत. म्हणून दर ४५ अंशांना एक. कॅमेरा ३० अंश वर झुकवून आठ, ३० अंश खाली झुकवून आठ, एक थेट छताकडे, एक जमिनीकडे: एकूण १८.

या अठराही फ्रेममध्ये एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस मॅन्युअलवर, एकच. एफ/८ वर फोकस दीड मीटरला ठेवला की साधारण पाऊण मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं.

आता सर्वांत जास्त नडणारी गोष्ट. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतो, पण फिरायला हवा तो लेन्समधल्या ज्या बिंदूभोवती फिरवल्यावर वस्तू एकमेकींच्या मानाने सरकत नाहीत त्या नो-पॅरलॅक्स पॉइंटभोवती (सवयीने याला नोडल पॉइंट म्हणतात). नाहीतर जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या मानाने सरकतात, आणि टेबलाची कड जोडावर तुटलेली दिसते. एक मीटरवरची उभी काठी आणि दूरची खिडकीची चौकट एका रेषेत आणा आणि कॅमेरा उजवीकडे वळवा. काठी चौकटीच्या डावीकडे सरकली, तर लेन्स आसाच्या पुढे आहे. पॅनो हेडवर (ट्रायपॉडवर बसणारा, कॅमेरा पुढे-मागे सरकवता येणारा भाग) कॅमेरा मागे घ्या. उजवीकडे सरकली तर पुढे. सरकणं थांबलं की पट्टीवरचा आकडा लिहून ठेवा; त्या लेन्सच्या त्या फोकल लेंग्थला तोच आकडा पुन्हा लागतो. मोकळ्या मैदानात हा दोष लपतो, खोलीत लपत नाही.

स्टिचिंगसाठी, म्हणजे फ्रेम जोडून एक चित्र करण्यासाठी, हगिन किंवा पीटीगुई हे सॉफ्टवेअर घ्या. जोडलेल्या चित्रावर शार्पनिंग केलं, तर डाव्या आणि उजव्या कडा एकमेकींना चिकटलेल्या आहेत हे फिल्टरला ठाऊक नसतं, आणि पाठीमागे एक उभी रेघ दिसू लागते. चित्र अर्ध्या रुंदीने सरकवा, जोड मध्यावर येईल, तिथे दुरुस्ती करा आणि परत सरकवा.

८१९२ × ४०९६ चित्रात एका अंशाला सुमारे २३ पिक्सेल येतात. १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर ९० अंशांचं दृश्य त्यात छान दिसतं. ७० अंशांच्या आत झूम केलं की चित्र फुटतं. त्यामुळे झूमची मर्यादा तिथेच बांधा. मोबाइलवर एवढं मोठं चित्र कधीकधी उघडतच नाही, नुसता काळा पडदा दिसतो. तिथे चित्र ४०९६ रुंदीचं द्या किंवा घनाच्या सहा बाजूंचे छोटे तुकडे करून द्या.

पॅनोरमा फिरवून दाखवण्याचं काम पूर्वी डिरेक्टर आणि फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये होई. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार संपला. आता पॅनेलम, केआरपॅनो, पॅनो२व्हीआर आहेत. हॉटस्पॉटची जागा अंदाजाने बसवू नका, हिशेब सोपा आहे. त्याच ८१९२ च्या चित्रात दाराचा बिंदू डावीकडून ६१४४ आणि वरून २५६० पिक्सेलवर असेल, तर यॉ म्हणजे ६१४४ भागिले ८१९२, गुणिले ३६०, वजा १८०, उत्तर ९०. पिच म्हणजे ९० वजा (२५६० भागिले ४०९६, गुणिले १८०), म्हणजे ९० वजा ११२.५, अर्थात उणे २२.५.

दारातून पुढच्या खोलीत गेल्यावर पाहणाऱ्याचं तोंड कुठे असावं, हे बहुतेक जण विसरतात. लक्ष्य-यॉ, म्हणजे पुढच्या खोलीत नजर ज्या यॉवर हवी तो कोन, दिला नाही, तर पुढचा सीन आपल्या ठरलेल्या सुरुवातीच्या कोनातून उघडतो आणि माणूस क्षणात दिशा हरवतो. प्रत्येक पॅनोरमाचा मध्य उत्तर दिशेपासून किती अंशांवर आहे ते नोंदवा. पॅनेलमला तो फरक दिला आणि सेम अ‍ॅझिमथ (उत्तरेपासूनचा कोन तोच ठेवणारा पर्याय) निवडलं की चालत आलेल्या दिशेलाच नजर राहते.

आणि तयार पॅनोरमाच्या वेब-पानाच्या फाइलवर डबल-क्लिक करून तपासणी करू नका. ब्राउझर सुरक्षेपोटी स्थानिक चित्र अडवतो. आपल्याच मशीनवर छोटा वेब सर्व्हर चालू करा आणि त्यातून उघडा.