डोळा काढल्यावर खोबणीत काय बसवतात?

डोळा काढावा लागणार म्हटलं की घरची माणसं आधी विचारतात, "दुसऱ्या डोळ्याला काही होणार नाही ना?" हे विचारायलाच हवं. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारायची असते आणि ती राहून जाते: रिकाम्या झालेल्या खोबणीत आत काय बसवणार?

आपण ज्याला काचेचा डोळा म्हणतो, ते नुसतं वरचं कवच. हल्ली ते अॅक्रिलिकचं असतं, काढून धुता येतं. त्याच्या मागे, मांसात पुरलेला गोळा वेगळा. तो कुणाला दिसत नाही, पण चेहरा तोच सावरून धरतो.

मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर व्यासाचा, सुमारे 7 मिलिलिटर जागा व्यापणारा. कवच त्यातली दोन-अडीच मिलिलिटर भरतं. उरलेल्या जागेसाठी बहुधा 18 ते 22 मिलिमीटरचा गोळा लागतो. तो नसला, तर पापणीच्या वर खळगा पडतो आणि वरची पापणी खाली येते. पोकळी भरायला कवच जाड करत जावं, तर त्याच्या ओझ्यानं खालची पापणी सैल पडते.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. उसाच्या फडात डोळ्याला इजा झाली, डोळा काढला, गोळा बसवलाच नाही. सोळा वर्षं त्या जाड-जाड कवचं लावत होत्या. खाली वाकलं की कवच हातात यायचं. बोलताना डाव्या गालावर पदर ओढून धरायची सवयच लागली होती. मी त्यांच्या कुल्ल्याजवळची त्वचा घेतली, वरचा पापुद्रा सोलून काढला आणि खालच्या चरबीसकट तो तुकडा खोबणीत शिवला. अशी चरबी काही अंशी विरते, तेव्हा खळगा कमी झाला, पुरता गेला नाही. पहिल्याच शस्त्रक्रियेत साधा गोळा बसवला असता, तर हे सगळं टळू शकलं असतं. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ही कल्पना नवी नाही. मँचेस्टरच्या म्यूल्स या डॉक्टरांनी 1885 च्या सुमारास डोळ्याच्या पांढऱ्या आवरणात काचेचा गोळा बसवला होता.

आज अॅक्रिलिक, सिलिकॉन, सच्छिद्र पॉलिथिलिन असे गोळे मिळतात. प्रवाळापासून बनवलेल्या हायड्रॉक्सिअॅपटाइट या पदार्थाच्या गोळ्याच्या छिद्रांत तर रुग्णाच्याच रक्तवाहिन्या शिरतात. तो महाग असतो. परवडत नसेल तर अॅक्रिलिकचा बसवा. स्नायू नीट शिवले की कवच चांगलं हलतं. पैशांपायी खोबण रिकामी ठेवू नका.

काही वेळा पांढरं आवरण तसंच ठेवून आतलंच काढतात. मात्र आत गाठ असल्याची शंका असेल, तर तसं कधीच करायचं नाही, पेशी पसरण्याचा धोका असतो. लहान मुलाच्या फोटोत बुबुळात पांढरी चमक दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातला कर्करोग, असू शकतो. मुलांच्या बाबतीत गोळा आणखी महत्त्वाचा, कारण आत भरीव काही असेल तरच भोवतालचं हाड नीट वाढतं. मूल वाढेल तसं कवचही मोठं करून घ्यावं लागतं.

पट्टी सोडल्यावर आत गुलाबी दिसतं, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची चकती असते. घाबरू नका, ती जखम उघडी पडलेली नाही. चकती कवचासाठी जागा राखते. साधारण सहा आठवड्यांनी कारागीर खोबणीचा साचा घेतो. रुग्णाला समोर बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे पाहत बुबुळ रंगवतो आणि पांढऱ्यावर लाल रेशमाचे बारीक धागे ठेवतो, रक्ताच्या शिरांसारखे.

आणि उरलेल्या डोळ्यासाठी नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा घ्या. तो रोज लावायचा, शेतातसुद्धा.