मंगळवारी निघा, सोमवारी पोहोचा

नमस्कार श्रोतेहो.

प्रशांत महासागरात, न्यूझीलंडच्या ईशान्येला सामोआ नावाचा छोटा द्वीपदेश आहे. त्याच्या उपोलू बेटावर फालेओलो विमानतळ. तिथून पूर्वेकडे अमेरिकन सामोआ, आणि त्याच्या तुतुइला बेटावर पागो पागो विमानतळ. दोन्हींमधलं हवाई अंतर साधारण 150 किलोमीटर. जळगाव आणि नंदुरबार यांच्यामध्ये सरळ रेघ मारली तर जवळपास तेवढंच भरेल. आपल्याला अमळनेर, दोंडाईचा करत रेल्वेने अडीच-तीन तास लागतात. तिथे 19 आसनांचं ट्विन ऑटर विमान पाऊण तासात नेऊन सोडतं.

हे विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडतं. मग तेहतीस-चौतीस मिनिटं पुरायला हवीत ना? पण धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, उंची गाठणं, उतरताना वेग कमी करणं, समोरून वारा असला तर तो कापणं, हे सगळं वेळापत्रकात धरलेलं असतं. अंतर जितकं कमी, तितका या वरखर्चाचा वाटा मोठा.

आता खरी गंमत. मंगळवारी सकाळी 10 वाजता फालेओलोहून निघालेलं विमान पागो पागोला पोहोचतं ते सोमवारी, पावणेअकराच्या सुमारास! या दोन बेटांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. दोन्हीकडच्या वेळेत बरोबर 24 तासांचा फरक. म्हणून उतरल्यावर घड्याळाला हातही लावायचा नाही, तारीख तेवढी बदलायची.

ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी सोयीने ठरवलेली आहे. 1892 साली सामोआने अमेरिकेशी असलेल्या व्यापारासाठी आपला वार मागे घेतला. त्या वर्षी तिथे 4 जुलै दोनदा आला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी वाढला. इकडे शुक्रवारी कामं चालू, तर तिकडे शनिवारची सुट्टी. इकडे रविवारची प्रार्थना, तर तिकडे सोमवारची कचेरी. आठवड्याचे दोन दिवस वाया जायचे. शेवटी 2011 साली 29 डिसेंबरच्या गुरुवारी लोक झोपले आणि उठले ते थेट 31 तारखेच्या शनिवारी. अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच बाजूला राहिला.

मला यात व्यापारापेक्षा माणसं जास्त दिसतात. दोन्हीकडे भाषा एक, नाती एक. आखाजीला नंदुरबारची लेक जळगावला माहेरी निघावी आणि तिथे पोहोचेपर्यंत आखाजी उद्यावर गेलेली असावी, असं त्यांचं रोजचं जगणं. परतताना उलटं: सोमवारी निघालं की मंगळवारी घरी, आणि मधली रात्र कुठे गेली ते कळतच नाही.

आपल्या खान्देशातली पोरं आता शिकायला, नोकरीला परदेशी जातात. त्यांच्या आईवडिलांना मुद्दाम सांगतो: तिकिटावर निघायची वेळ इथली आणि पोहोचायची वेळ तिथली, अशा दोन गावच्या वेळा छापलेल्या असतात. मुंबईहून रात्री 10 ला सुटलेलं विमान दुबईला साडेअकराला उतरतं असं दिसलं, तर प्रवास दीड तासाचा नव्हे, तीन तासांचा आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. फोनची वाट त्या हिशोबाने बघा.

नमस्कार.