वायरीवर बोलणी होत नसतात

मंडळी, नमस्कार. बाहेर पाऊस कोसळतोय आणि तरी मागच्या रांगेपर्यंत खुर्च्या भरल्यात. एकतर विषय आवडलेला दिसतोय, नाहीतर रिक्षा मिळेना झालीय. मला दोन्ही चालतं. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘जुन्या संगणकांचा इम्युलेटर आणि त्यातल्या सिरीयल कन्सोल लाइनी’. इम्युलेटर म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम. सिरीयल लाइन म्हणजे एका वेळी एकच बिट, शून्य किंवा एक, पाठवणारी वायर. आणि कन्सोल म्हणजे संगणक चालवणाऱ्याची मुख्य लाइन. तिकडे मी येणारच आहे. पण आधी आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतून, कारखान्यांच्या वसाहतीतून, एक फेरी मारू, कारण सिरीयल लाइन म्हणजे काय हे मला तिथंच कळलं.

इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये आहे, त्यामुळे सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा लेथ, याच्याबद्दल जास्त सांगत बसत नाही. माझं काम त्या मशीनच्या कपाटातलं, म्हणजे कंट्रोलरचं. पावसाळ्यात ते जास्त. दमट हवा, त्यात ओतकामाची काळी धूळ, आणि कपाटाचं दार कायम अर्धवट उघडं, कारण आतला पंखा बंद पडलेला असतो.

नव्वदच्या दशकातला जुलै महिना होता. एका शॉपमधून निरोप आला, लेथ तीन दिवस बंद आहे, येऊन बघा. गेले. मालक शहापूरचे, ऑपरेटर बैलहोंगलकडचा. तो माझ्याशी कानडीत बोलायचा, मी त्याला मराठीत उत्तर द्यायचे, आणि आमचं दोघांचं एकदाही अडलं नाही. ‘एन आत री?’, काय झालं, मी विचारलं, तेवढं कानडी मलाही येतं. त्यानं न बोलता एक कागद माझ्या हातात दिला.

घडलं होतं ते असं. कंट्रोलरची बॅटरी संपत आल्याचा इशारा स्क्रीनवर लागला होता. या जुन्या मशीनमध्ये प्रोग्रॅम आणि पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सेटिंगचे आकडे, बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी गेली की सगळं गेलं. म्हणून मालकांनी शहाणपणानं कंपनीच्या सर्व्हिस इंजिनियरला बोलावलं आणि सांगितलं, आधी सगळे प्रोग्रॅम पीसीवर उतरवून घ्या. त्यानं केबल लावली, प्रोग्रॅम उतरवले, छापले, आणि कागद बघून निदान केलं, ‘मेमरी बोर्ड गेलंय, डेटा सडलाय.’ नवं बोर्ड मागवा, तोवर मशीनला हात लावू नका, असं सांगून तो गेला. कंपनीचं नाव मी घेत नाही. तो मुलगाही वाईट नव्हता. पण त्या निदानाचा राग मला आजही येतो, आणि का येतो ते कागद डोळ्यांसमोर आणल्याशिवाय कळणार नाही.

कागदावर प्रोग्रॅमच्या ओळी होत्या. जी अक्षर ठीक. एन ठीक. झेड ठीक. पण जिथं जिथं एक्स हवा, तिथं एका उभ्या रेघेला छेदणाऱ्या दोन आडव्या रेघा. आकड्यांत शून्य, तीन, पाच, सहा, नऊ जागच्या जागी. एकच्या जागी ठिपक्यांनी भरलेला चौकोन, दोनच्या जागी त्याहून दाट चौकोन, आणि चार, सात, आठ या जागी चौकटीचे तुकडे. मालक म्हणाले, ‘ताई, झेड बरोबर येतोय आणि एक्सच जातोय, म्हणजे एक्स अक्षाचाच काहीतरी लोचा असणार की वो!’

आता तुम्ही सांगा. मेमरी सडली तर ती निवडून निवडून एक्स, एक, दोन, चार, सात, आठ एवढेच खाईल का? आणि प्रत्येक ओळीत तेच? सडण्याला एवढी शिस्त नसते. शिस्त दिसली की समजायचं, यामागं कुणाचा तरी नियम आहे.

मी तिथंच स्टुलावर बसून त्या कागदाच्या पाठीमागं बिट मांडले. एक्स म्हणजे सात बिटांत १०११०००. त्यात एक किती? तीन. विषम. झेड म्हणजे १०११०१०. चार. सम. जी चार, एन चार. आकडा शून्य, ०११००००, दोन. आकडा एक, ०११०००१, तीन. जेवढी अक्षरं बिघडली होती त्या सगळ्यांत एकची संख्या विषम, जेवढी शाबूत त्या सगळ्यांत सम. एकही अपवाद नाही. ऑपरेटर माझ्या खांद्यावरून बघत होता. तिसऱ्या अक्षरापासून तो स्वतःच बोटांवर मोजायला लागला.

मशीन सात बिट आणि सम पॅरिटीवर बोलत होतं. म्हणजे अक्षराचे सात बिट, आणि त्यातल्या एकची संख्या विषम भरली तर आठवा बिट एक करून एकूण संख्या सम करायची. चूक पकडायची साधी, जुनी युक्ती. पीसीवर लावलं होतं आठ बिट, पॅरिटी नाही. मग पीसीनं काय केलं? आठवा बिट तपासणीचा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं तो अक्षराचाच धरला. एक्समध्ये १२८ मिळवले, आणि डॉसच्या अक्षरसंचात त्या जागी चौकटीची रेघ होती, ती इमानदारीनं दाखवली. मशीनचं बरोबर होतं, पीसीचंही बरोबर होतं, बोर्ड तर ठणठणीत होतं.

मी सेटिंगमध्ये आठच्या जागी सात केलं, पॅरिटी ‘इव्हन’ केली, अक्षर संपल्याची खूण देणारे स्टॉप बिट जुळवले, पुन्हा प्रोग्रॅम उतरवला. सगळा स्वच्छ आला. मग मशीन चालू ठेवूनच बॅटरी बदलली. बंद करून बदलली तर ज्याच्यासाठी एवढं केलं तेच पुसलं जातं. काम पाऊण तासाचं. मशीन मात्र तीन दिवस बंद, आणि मागवलेल्या बोर्डाचे पैसे आगाऊ गेलेले. लहान शॉपला तीन दिवस म्हणजे काय असतात ते इथल्या कुणाला सांगायला नको. त्या इंजिनियरनं फक्त एक प्रश्न विचारला असता, ‘समोरचा कोणत्या बोलीत बोलतोय?’, तर हे टळलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सिरीयल वायरीवर बोलणी होत नसतात. खडे बाजारात बघा, गिऱ्हाईक दुकानात शिरतं, मालक दोन शब्द ऐकतो आणि मराठी की कानडी ते ठरवतो, कधी दोन्ही मिसळतो. माणसाला ते जमतं. आरएस-२३२ ला, म्हणजे या सिरीयल वायरींच्या मानकाला, नाही जमत. हे मानक १९६० मधलं, पुढची बरीच वर्षं चाललेली त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ मधली. त्यात वेग किती, बिट किती, पॅरिटी कोणती हे दोन टोकांनी एकमेकांना सांगायची सोयच नाही. ते ठरवायचं माणसांनी, वायर जोडायच्या आधी.

वेगाचंही सांगते, हे मला फार आवडतं. टेलिटाइप ३३ हे टायपिंगचं यंत्र ११० बॉडवर, म्हणजे इथं सेकंदाला ११० बिटांवर, चालायचं. एका अक्षराला अकरा बिट, एक सुरुवातीचा, आठ अक्षराचे, दोन थांबण्याचे. म्हणजे सेकंदाला बरोबर दहा अक्षरं. १९७८ मध्ये व्हीटी-१०० टर्मिनल आलं, म्हणजे संगणकाला जोडायचा पडदा आणि कळफलक, पडद्यावर ८० गुणिले २४, म्हणजे १९२० अक्षरं. ९६०० बॉडवर, अक्षराला दहा बिट धरून, हा पडदा बरोबर दोन सेकंदांत भरतो. तोच मजकूर टेलिटाइपला तीन मिनिटं बारा सेकंद. जुन्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या बऱ्याच आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या आणि उत्तरं एवढी तुटक का, हे सेकंदाला दहा अक्षरांसमोर बसल्यावर पटतं.

केबलचं एक राहिलं. पंचवीस पिनांच्या सॉकेटवर पीसी किंवा टर्मिनल दोन नंबरवर बोलतं, तीनवर ऐकतं. नऊ पिनांच्यावर उलट, दोनवर ऐकतं, तीनवर बोलतं. म्हणून दोन संगणक जोडताना पंचवीसला पंचवीस असेल तर वायरी ओलांडाव्या लागतात, पण पंचवीसला नऊ असेल तर दोनला दोन, तीनला तीन सरळ जोडलं की काम होतं, आणि ग्राउंड सातवरून पाचवर. मी याच्यावर एक अख्खा रविवार...

बरं. अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मग फळ्यावरचा विषय पळवते, तुम्ही लिहून घ्या.

इम्युलेटर म्हणजे सिमएच. बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. ते डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतलेच, जिची पीडीपी-११ ही संगणकांची मालिका १९७० मध्ये आली आणि व्हॅक्स १९७७ मध्ये. सिमएच तुमच्या लॅपटॉपवर अख्खी पीडीपी-११ उभी करतो. त्यावर १९७९ ची युनिक्सची सातवी आवृत्ती चालवता येते, मी तीच चालवते.

त्यात लाइनी दोन प्रकारच्या. एक कन्सोल. ही एकच, आणि तिचा पत्ता ठरलेला, अष्टमानात १७७५६०. चार रजिस्टर, म्हणजे छोटे कप्पे, दोन ऐकायचे, दोन बोलायचे. सिमएचमध्ये ऐकण्याच्या बाजूला टीटीआय म्हणतात, बोलण्याच्या बाजूला टीटीओ. तुम्ही इम्युलेटर चालू करता ती खिडकीच कन्सोल असते. कंट्रोल-ई दाबलं की अख्खं मशीन थांबतं आणि सिमएचचा स्वतःचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहायची जागा, येतो. लक्षात ठेवा, त्या क्षणी इतर लाइनींवर बसलेलेही थांबतात.

दुसरा प्रकार, बाकीच्या टर्मिनलांचं कार्ड, डीझेड-११. एका कार्डाला आठ लाइनी, म्हणून संख्या आठच्या पटीतच द्यायची. ‘सेट डीझेड लाइन्स=८’. मग ‘अटॅच डीझेड’ आणि एक पोर्ट नंबर, समजा ४०००. आता दुसऱ्या खिडकीतून टेलनेटनं, म्हणजे नेटवर्कवरून टर्मिनल जोडणाऱ्या प्रोग्रॅमनं, त्या पोर्टवर गेलं की पहिल्याला लाइन शून्य मिळते, दुसऱ्याला एक. अटॅचला ‘एम’ स्विच दिला तर मोडेमच्या खुणा चालू होतात, म्हणजे कुणी जोडलं तरच कॅरिअर, ‘समोर कुणीतरी आहे’ ही खूण, दिसतो. ‘ए’ दिला तर आतला संगणक लॉगआउटनंतर लाइन सोडतो तेव्हा टेलनेटही तुटतं. खिडकी जोडलेली आहे पण लॉगिन येत नाही अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा आतला युनिक्स कॅरिअरची वाट बघत बसलेला असतो. तेव्हा ‘एम’ देऊन बघा.

जोडून झालं की ‘शो डीझेड’ म्हणा. तो कार्डाचा पत्ता आणि व्हेक्टर, म्हणजे त्याच्या इंटरप्टची जागा, दाखवेल. इतर कार्डं चालू-बंद केली की डीझेडचा पत्ता सरकू शकतो, आणि युनिक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जो लिहिलाय त्याच्याशी तो जुळला नाही तर लाइन मुकी राहते. चूक इम्युलेटरचीही नाही, युनिक्सचीही नाही. पुन्हा तेच, आधी ठरवलं नव्हतं.

युनिक्सच्या आत ईटीसी या फोल्डरमधली टीटीवायएस ही फाइल. दर लाइनीला एक ओळ. पहिला आकडा एक असेल तर त्या लाइनीवर लॉगिन द्यायचं, शून्य असेल तर नाही. दुसरं अक्षर गेट्टीला, म्हणजे लाइनीवर लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगतं समोर काय आहे. चार म्हणजे छापणारा डेकरायटर कन्सोल, दोन म्हणजे ९६०० बॉडचं टर्मिनल. आणि शून्य लिहिलं तर, हे ऐका, गेट्टी ३०० पासून सुरू करते आणि तुम्ही ब्रेक दाबला की १२००, मग १५०, मग ११० असे वेग बदलत जाते. खडे बाजारातल्या दुकानदाराच्या जवळ जाणारं या सगळ्या व्यवस्थेत मला सापडलेलं हे एकच. तिथंही ब्रेक दाबायला माणूस लागतोच.

टेलनेटवरून बसलात तर वेगाचं तुम्हाला काही जाणवणार नाही. पण नव्या आवृत्तीत खरा सिरीयल पोर्टही जोडता येतो. ‘शो सिरीयल’नं पोर्टांची यादी बघा, मग अटॅचमध्ये लाइन नंबर, पोर्टचं नाव, अर्धविराम, ‘९६००-८एन१’, म्हणजे वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. त्या टोकाला जुनं टर्मिनल असेल तर त्याच्या सेटअपमध्येही नेमकं हेच असायला हवं.

राहिले बिट. या लाइनींना सिमएचमध्ये ‘७बी’, ‘७पी’, ‘८बी’ लावता येतं. ७बी आठवा बिट काढून टाकतो, ७पी त्याबरोबर न छापता येणारी अक्षरंही गाळतो, ८बी काहीच करत नाही. नवी मुलं हौसेनं ८बी लावतात, आठ म्हणजे जास्त चांगलं असं वाटून. सातव्या आवृत्तीची गेट्टी मात्र लॉगिनचा प्रॉम्प्ट सम पॅरिटी लावून पाठवते.

त्या टेबलावर माझा लॅपटॉप आहे. युनिक्स बूट झालेलं आहे आणि मी मुद्दाम ‘सेट टीटीओ ८बी’ करून ठेवलंय. लॉगिन या शब्दात एल, ओ, आय आणि शेवटचा विसर्गासारखा कोलन बरोबर दिसतात. जी आणि एन बिघडलेत, कारण इथं ती लहान लिपीतली आहेत, लेथच्या कागदावरची मोठी नव्हेत. चहा येईपर्यंत एकेक जण या, कागद-पेन्सिल ठेवलीय, जी आणि एनचे बिट मांडून एक किती ते मोजा. जो पहिला मोजेल त्यानंच कंट्रोल-ई दाबून ‘सेट टीटीओ ७बी’ करायचं, मग ‘कंटिन्यू’, आणि एकदा एंटर.