वर गेल्यावर खाली कुठं?

नमस्कार मंडळी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या बघू, सतरंजीवर जागा आहे.

आजचा विषय मला खानापूर स्टँडवर मिळाला. एक ओळखीचे पालक भेटले, मुलगा सहावीत, खरंच हुशार आहे पोरगं. ते म्हणाले, सर, लहानपणापासनं अंतराळवीर तयार करणारी, उद्याचे लीडर घडवणारी अशी एखादी स्पेस स्कूल असते काय हो, असली तर सांगा, शेत गहाण टाकून घालतो. जांबोटीची गाडी लागली आणि ते गेले, पण माझ्या डोक्यातनं ते काही गेलं नाही.

आधी जे आहे ते सांगतो. नववीच्या मुलांसाठी इस्रोचा युविका म्हणून कार्यक्रम आहे, २०१९ ला सुरू झाला, साधारण दोन आठवडे इस्रोच्या सेंटरमध्ये नेऊन ठेवतात, आणि ग्रामीण भागातल्या शाळेच्या मुलांना निवडीत जादा वेटेज आहे, हे आपल्या तालुक्यात किती जणांना माहीत आहे? बारावीनंतर तिरुवनंतपुरमजवळ वलियमलाला इस्रोच्या माणसांची गरज भागवायला काढलेलं कॉलेज आहे, २००७ पासनं. गगनयानासाठी निवडलेले चौघंही एअरफोर्सचे टेस्ट पायलट, म्हणजे आधी विमान उडवण्यात मुरलेली माणसं. सहा वर्षांचं पोर उचलून नेणारी शाळा कुठंच नाही. पण समजा उद्या निघाली, आपल्या मिलिटरी स्कूलसारखी, गणवेश, परेड सगळं, तर तिथं शिकवायचं काय? मला यावर बोलायचंय.

२० जुलै १९६९. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत होतं आणि मधेच कॉम्प्युटरनं अलार्म दिला, १२०२. वरच्या दोघांना कळेना हा कसला, खाली ह्यूस्टनला, नासाच्या कंट्रोल रूममध्ये, ज्याच्या टेबलावर हा प्रश्न आला तो स्टीव्ह बेल्स २६ वर्षांचा, आणि मागच्या खोलीतनं त्याला उत्तर पुरवणारा जॅक गार्मन २४ चा. आपल्याकडं या वयाच्या पोराला बँकेत चेक भरायला एकटं सोडत नाहीत! आणि या दोघांनी काही सेकंदात सांगितलं की पुढं चला, उतरा. कसं काय सांगितलं? तर काही दिवस आधी सरावात, म्हणजे खोटं खोटं उतरवण्याच्या खेळात, असाच अलार्म दिला होता आणि बेल्सनं घाबरून मिशन थांबवायला सांगितलं होतं. सराव घेणाऱ्यांनी सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं, तुझा निर्णय चुकला, थांबवायची गरज नव्हती. त्याला काढून टाकलं नाही की नावं ठेवली नाहीत. सगळे अलार्म एकेक करून अभ्यासायला लावले, गार्मननं हातानं यादी लिहून काढली, कुठला अलार्म आला तर थांबायचं, कुठला आला तर नाही. खरी वेळ आली तेव्हा ती यादी समोर होती. कॉम्प्युटरवर कामाचा लोड जास्त झाला होता, तो बिनमहत्त्वाची कामं सोडून महत्त्वाची करत होता, एवढंच सांगत होता तो अलार्म.

मला ही गोष्ट चंद्रापेक्षा मोठी वाटते. चारचौघात चुकायची सोय, आणि चुकल्यावर माणूस तिथंच खुर्चीवर राहणं. आपल्या हुशार पोराला आपण नेमकं हेच देत नाही.

मी दिलं नाही, आता ते सांगतो.

दोन वर्षांमागं माझ्या वर्गात एक मुलगी होती, सातवीत. मूग भिजवून अंकुर बघायचा प्रयोग सगळे करतात, हिनं काय केलं, ओल्या फडक्यावर मूग ठेवून काचेच्या दोन तुकड्यांत दाबले, दोऱ्यानं बांधले आणि उभे करून खिडकीत ठेवले. मूळ बोटभर खाली आलं की काच फिरवायची, परत दोन दिवसांनी फिरवायची. मूळ दर वेळी वळून खालीच जायचं, पायऱ्या पायऱ्यांसारखं झालं होतं, मी हातात धरून बघितलंय, दुधी पांढरं आणि वळणापाशी जरासं जाड. मी सांगितलं, मुळाच्या टोकात पिठाचे बारीक कण असतात, ते तळाला बसतात, त्यावरनं मुळाला खाली कुठं ते कळतं. तिनं लगेच विचारलं, "मग सर, रॉकेटातनं वर गेल्यावर खाली कुठं?"

मंडळी, तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला दोनतीनदाच आलाय. आणि मी काय केलं, तर तिला उचलून क्विझला नेलं. मग दुसऱ्या क्विझला, मग भाषणाला, मॉनिटर केलं, गावात बॅनर लागला, उद्याची शास्त्रज्ञ म्हणून फोटो. कुणी पाहुणा आला की हिला उभी करायची. वर्षाच्या शेवटी ती हात वर करायची बंद झाली. एकदा तिच्या मुगाला बुरशी आली तर दप्तरात लपवून घरी नेले, मला दाखवले नाहीत. बॅनरवरच्या मुलीचे मूग कुजून कसं चालेल? हे मला तेव्हा कळलं नाही. मी तर अभिमानानं सांगत फिरत होतो.

मग २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला वर गेले, अंतराळ स्थानकात अठरा दिवस राहिले, आणि त्यांनी तिथं काय रुजवलं माहीत आहे? मूग आणि मेथी. तो प्रयोग कुणाचा, तर धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि धारवाडच्याच आयआयटीचा. धारवाड! आपली लोकं लग्नाला जाऊन रात्री घरी येतात ते धारवाड. पेपरात वाचलं तेव्हा मी तसाच उठलो आणि तिच्या घरी गेलो. तिचे वडील भाताच्या लावणीला गेले होते, ती पडवीत अभ्यास करत होती, नववीत आहे आता, मार्क चांगले, बोलणं कमी. पेपर वाचून दाखवला. ती फक्त "होय काय" म्हणाली.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, उपदेश केला नाही. तिच्या आईकडनं मूठभर मूग आणि काचा मागितल्या आणि मीच बांधायला बसलो. म्हटलं, जमतंय का बघू, तुझ्यासारखं. ती जरा वेळ वहीतच बघत होती. मग वही मिटली, जवळ आली, माझ्या हातातलं बघितलं आणि म्हणाली, "सर, फडकं लई ओलं केलासा की. कुजतंय बघा ते."

चौथ्या दिवशी फोन आला तिचा. कुजले होते.