जाड फाइल आणि ‘जुनी आव’
(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय पोटाचा आणि मागच्या टेबलावर बटाटेवडे. संयोजकांचा एकतर माझ्या बोलण्यावर विश्वास नाही, नाहीतर तुमच्या पोटांवर फार आहे.

पत्रिकेत ‘आयबीएस : निदान आणि उपचार’ असं छापलंय. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आपल्या भाषेत हळवं आतडं. उपचारांकडे येईनच, पण आधी माझं तुणतुणं वाजवू द्या. आयबीएसचं निदान लक्षणांवरून करायचं असतं. सगळ्या तपासण्या करून हात टेकले, की शेवटी चिकटवायचं ते लेबल नव्हे. आमच्यातलेच पुष्कळ जण अजून उलट्या वाटेने जातात, म्हणून माइक दिसला की मी हे बोलतो. बायको म्हणते, लग्नामुंजीतसुद्धा.

घोडबंदर रोडवरून एक गृहस्थ आले होते, पस्तिशीतले. हातात ही जाड फाइल. चारदा सोनोग्राफी, एक सीटी स्कॅन, दोनदा दुर्बीण. सगळीकडे शेरा एकच, नॉर्मल. आणि चिठ्ठ्यांवर मात्र मेट्रोनिडॅझोल, म्हणजे आवेच्या जंतूवरची गोळी, कारण कुणीतरी कधीकाळी ‘जुनी आव’ सांगितलेली. फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, ऑफिसला कसे जाता? म्हणाले, फास्ट सोडली, आता स्लोने जातो. का? तर त्यांची फास्ट ठाण्यानंतर थेट घाटकोपरला थांबायची. मध्ये कळ आली तर उतरणार कुठे? कुठल्या स्टेशनात संडास एक नंबरवर, कुठे पुलाखाली, कुठे सुट्टे लागतात, सगळं तोंडपाठ! सकाळी चहा झाला की एकदा, कपडे चढवल्यावर दुसऱ्यांदा, बूट घातल्यावर तिसऱ्यांदा. शौचाला जाऊन आलं की कळ थांबते. आणि रविवारी? ‘रविवारी एकदाच जातो, डॉक्टर.’ दोन वर्षं हे चाललेलं. अहो, निदान त्या बुटांपाशीच झालं होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

(रेल्वेचा विषय निघालाच आहे, तर १९०९ सालचं ओखिलचंद्र सेन यांचं पत्र आठवतंय का? फणस खाऊन पोट फुगलं, अहमदपूर स्टेशनात शौचाला बसलो, तेवढ्यात गार्डाने शिट्टी फुंकली; एका हातात लोटा, दुसऱ्यात धोतर धरून धावलो आणि फलाटावर आपटलो, अशी तक्रार त्यांनी साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला धाडली. डब्यांत संडास आले त्याचं श्रेय या पत्राला देतात. आमच्या लोकलपर्यंत ते काही पोचलेलं नाही.)

आता ती जुनी आव. जुलाबांचा आजार होऊन गेल्यावर काहींचं आतडं महिनोन्महिने हळवं राहतं, तोही आयबीएसचाच प्रकार. गोंधळ होतो, हे मी समजू शकतो. पण जंतू केव्हाच गेला, तरी त्याच्यावरची गोळी दर दोन महिन्यांनी? तोंडाला धातूची चव येते, पोट होतं तिथेच.

संयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत. बरं, ओपीडीत तरी याहून जास्त कुठे मिळतात!

आयबीएस ओळखायचे निकष २०१६चे, रोम-४ नावाचे, जगभरातल्या तज्ज्ञांनी ठरवलेले. गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान १ दिवस पोटदुखी. शिवाय दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत बदल, शौचाच्या स्वरूपात बदल, यांपैकी किमान दोन गोष्टी. सुरुवात ६ महिन्यांपूर्वीची हवी. तपासण्या थोड्याच: सीबीसी आणि सीआरपी (रक्तातल्या पेशी आणि अंगातली सूज बघायला), सिलिअ‍ॅकसाठी (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजारासाठी) टीटीजी ही रक्ततपासणी, जुलाब असतील तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याला सूज आहे का ते कळतं. मात्र शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर दुर्बीण हवीच. आपल्याकडे आतड्याचा क्षयही आहे, तो विसरून चालत नाही.

खाणं. मिसळ चालेल का, हा ठाण्याचा पहिला प्रश्न. कडधान्य, कांदा, लसूण, गव्हाचा पाव; मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्यांनी गॅस करणाऱ्या पदार्थांची जी फॉडमॅप यादी केली, तिच्यातले चार मानकरी एकाच बशीत. असे पदार्थ आहारतज्ज्ञाला विचारून ४ ते ६ आठवडे बंद ठेवायचे, मग एकेक परत आणून बघायचा. जन्मभर सोडायचे नाहीत. इसबगोल थोड्यापासून, भरपूर पाण्याबरोबर; गव्हाच्या कोंड्याने मात्र पुष्कळांचं पोट जास्त फुगतं.

कळांसाठी मेबेव्हेरिन किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, जुलाबांना लोपेरामाइड. एवढ्याने भागलं नाही, तर रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन. पेशंट घरी जाऊन नाव शोधतो, ‘डिप्रेशनची गोळी’ वाचतो आणि सकाळी फोन, ‘मी वेडा आहे का?’ नाही हो! आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोप चालतात, ते या छोट्या डोसाने जरा शांत होतात. २०२३ साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत या गोळीचा फायदा दिसलाय. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर मात्र आधी सांगा, मग ही गोळी देता येईलच असं नाही.