उलटी प्रदक्षिणा

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पुष्कळ मंडळी लेकीकडं, मुलाकडं अमेरिकेला, जर्मनीला जातात आणि तिथं गाडीही चालवतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

कागद आधी. आरटीओत फॉर्म ४ ए भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. पासपोर्ट दाखवावा लागतो, फी १००० रुपये, मुदत फार तर एक वर्ष. मूळ लायसन सोबत हवंच.

या दोन्ही देशांत वाहतूक उजवीकडून आणि स्टिअरिंग डावीकडं. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, तिथं डाव्या. वळायच्या घाईत उजवा हात सवयीनं दांडी ओढतो आणि कोरड्या काचेवर वायपर खरखरत फिरतो. मागच्याला इशारा मिळालेलाच नसतो! म्हणून उभ्या गाडीतच दहादा इंडिकेटर देऊन बघा.

दुसरं, गाडी उजव्या कडेला सरकते. आपल्याला गाडीची रुंदी डाव्या हाताला धरायची सवय. तिथं ती उजवीकडं जाते, नजर ते लगेच मानत नाही आणि आरसा कडेच्या गाडीला घासतो. खूण लक्षात ठेवा: चालक रस्त्याच्या मध्याकडं, कडेला शेजारचा.

चन्नम्मा सर्कलला आपण प्रदक्षिणा घालतो तसे फिरतो, तिथं उलटं. आत शिरताना डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची.

गर्दीत पुढच्याच्या मागं जाता येतं. चूक होते ती पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. तेवढ्या वेळी शेजारच्यानं मोठ्यानं "उजवीकडं" म्हणावं.

अमेरिकेत मनाईचा फलक नसेल तर लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडं वळता येतं. न्यूयॉर्क शहरात मात्र सहसा नाही. शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत उभी असली की दोन पदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. वेग मैलांत: ६५ म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. जर्मनीत फलक, सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा आधी, मग तो गल्लीतून का येईना. आपल्याला हे फार जड जातं, कारण मोठ्या रस्त्याचा मान मोठा असं आपण धरून चालतो.

इंग्लंडात बाजू आपलीच, डावी. पण चोर्ला घाटात समोरच्यानं डिपर मारला की "थांब, मी येतोय". तिथं बरेचदा त्याचा अर्थ "या तुम्ही". तो अधिकृत इशारा नव्हे, तेव्हा समोरच्या गाडीची चाकं खरंच थांबलीत का ते बघून मगच पुढं व्हा.