सराफ्याची धूळ, हट्टीचा दगड

(दृश्य: इंदूरचा सराफा, भल्या पहाटे. दुकानं बंद, रस्त्यावर कुंच्याचा आवाज.)

गराडू-जिलेबीच्या गाड्या हलल्या, की सराफ्यात झारेकरी येतात, धुळीतून सोन्याचे कण वेचणारे. सोनारांच्या पायऱ्यांखालची धूळ, गटाराच्या तोंडचा गाळ, काही सोडायचं नाही.

(दृश्य: परात, पाणी, हात.)

परात गोल फिरवत राहायची. माती वाहून जाते, जड असेल ते तळाशी बसतं. लोखंडाचा कीस चुंबकानं उचलायचा आणि उरलेल्या गाळात पारा घोळायचा. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. आच दिली की पारा उडतो. ही वाफ विषारी असते, आणि कोंदट खोलीत तोंडाला फडकंही न बांधता हे काम करणं म्हणजे जिवाशी खेळ. शेवटी नायट्रिक आम्ल: चांदी आणि तांबं त्यात विरघळतं, सोनं विरघळत नाही. तळाशी उरते तपकिरी भुकटी. टाकणखार घालून मुशीत वितळवली, तेव्हा कुठे पिवळा रंग दिसतो.

(दृश्य: हट्टी, कर्नाटक. खाणीचा पाळणा खाली जातो.)

खाणीतलं कामही सोनं वेगळं करण्याचंच. फक्त तिथे टनभर दगडामागे जेमतेम काही ग्रॅम सोनं, तेही बहुतेकदा डोळ्यांना न दिसणारं. दगड फोडून पिठासारखा बारीक दळतात, पाणी घालून लगदा करतात. त्यात सायनाइडचं पातळ द्रावण, चुना आणि हवा. हवेतल्या ऑक्सिजनशिवाय सोनं विरघळत नाही. आणि चुना कमी पडला, तर सायनाइडचा जीवघेणा वायू सुटतो. इतक्या थोड्या सोन्यासाठी एवढं जहाल रसायन! पण १८८७ साली ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी ही रीत काढली, आणि पाऱ्याच्या हाती न लागणारं सोनंही मिळू लागलं.

विरघळलेलं सोनं आता बऱ्याच ठिकाणी कोळसा शोषून घेतो. साधा नव्हे, नारळाच्या करवंटीचा, खास तयार केलेला. त्यातून ते पुन्हा द्रावणात उतरवायचं, विजेनं पोलादी तारांवर चढवायचं आणि भट्टीत ओतायचं.

(दृश्य: कोलार. राखाडी टेकड्या.)

कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ साली बंद पडली. या टेकड्या म्हणजे दळून, सोनं काढून टाकलेला चुरा. उन्हाळ्यात वारा सुटला की तो वस्तीत शिरतो. त्यात अजून थोडं सोनं शिल्लक आहे. म्हणूनच या ढिगाऱ्यांमधून पुन्हा सोनं काढायच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये होकार दिला.